बुरशी कपाटामागेच का धरते?

भर पावसाळ्यात कपाट भिंतीपासून पुढे ओढलं की मागे काळपट-हिरव्या ठिपक्यांचं अख्खं बेट सापडतं. बाकीची खोली मात्र स्वच्छ. हवा तीच, रंगही एकाच डब्यातला. मग बुरशी तिथेच का?

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घरात असतातच. अ‍ॅस्परजिलससारख्या नेहमीच्या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याला दारं-खिडक्या लावून अडवता येत नाही. तिचं खाणं तोडणंही अवघड. प्लायवुड, चामड्याची चप्पल, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, अगदी रंगावर बसलेली धूळसुद्धा तिला पुरते. आपल्याला सोसवणारं तापमान तिलाही मानवतं. म्हणजे आपल्या हातात राहिलं फक्त पाणी.

आणि पाणी म्हणजे गळतीच हवी असं नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प तिच्यात आहे, ते प्रमाण; गार हवेत बाष्प कमी मावतं) दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशी रुजते. इथे लक्षात घ्यायचं ते हे की खोलीच्या मध्यावरची आर्द्रता आणि भिंतीलगतची आर्द्रता वेगळी असू शकते. समजा, जुलैतल्या मुंबईत हवा २८ अंशांवर आहे आणि आर्द्रता ८५ टक्के. हीच हवा २६ अंशांच्या भिंतीला टेकली, की तिथे आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. भिंत २५ अंशांवर असेल तर चक्क दव धरतं. उलट तीच हवा ३१ अंशांपर्यंत तापवली, तर पाण्याचा एक थेंबही न काढता आर्द्रता ७१-७२ टक्क्यांवर येते. पूर्वी कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवलेल्या कपाटात छोटा बल्ब जळत ठेवत, तो यासाठीच. दोन-तीन अंशांचा फरक, पण बुरशी धरणार की नाही हे तोच ठरवतो.

कपाटामागे हवा हलत नाही. पावसाने भिजलेली बाहेरची भिंत गार असते आणि पंख्याचा वारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेकडच्या भिंतीला, खेटून ठेवू नये. चार बोटं जागा सोडली तरी फरक पडतो. जागाच नसेल तर कपाट आतल्या भिंतीला न्यावं.

एसीमुळे एक गंमत होते. बेडरूममध्ये २२ अंश लावले की तिथली हवा कोरडी होते, पण सामाईक भिंत गार पडते आणि तिच्या पलीकडे हॉलमधली दमट हवा वाट बघत असते. बुरशी धरते हॉलच्या बाजूने, आणि दोष जातो रंगाऱ्याला! सकाळी एसी बंद करून लगेच खिडक्या सताड उघडल्या तरी हेच: गार भिंतीवर, गादीवर बाहेरची ओलसर हवा येऊन बसते. आधी पंखा लावून खोली थोडी तापू द्यावी.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला म्हणूनच जपून घ्यावा. थंड देशांच्या हिवाळ्यात तो अचूक आहे. ५ अंशांची हवा कितीही ओली असली तरी तिच्यात घनमीटरला ७ ग्रॅमसुद्धा बाष्प मावत नाही. मुंबईच्या जुलैत बाहेर घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प असतं. ते घरात घेऊन भिंती कशा वाळणार? कोसळत्या पावसात खिडकी उघडून काही मिळत नाही. उघडीप मिळाली, ऊन पडलं, की मात्र उघडावी. मोरी आणि स्वयंपाकघर याला अपवाद, कारण तिथली वाफ बाहेरच्या हवेपेक्षाही ओली असते. तिथे एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि अंघोळ झाल्यावरही तो थोडा वेळ चालू हवा.

घरात वाळत घातलेले कपडे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार. १० बाय १२च्या खोलीतल्या पावसाळी हवेत सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास पाणी असतं. मशीनभर धुतलेले कपडे दोन लिटरपर्यंत पाणी सोडतात. त्यापुढे कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे बिचारे काय करणार? ते बंद कपाटात उपयोगी आहेत, खोलीत नव्हे. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल नाही. खोलीसाठी डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ‘ड्राय’ मोड. आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवायची.

जुन्या घरांत चुना असे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर टिकत नाही, शिवाय भिंतीतली ओल बाहेर पडायला वाव राहतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा जोर ओसरतो, म्हणून पुन्हापुन्हा हात द्यावा लागे. आजचे प्लास्टिकसारखे रंग ती ओल आत कोंडतात आणि मग पोपडे धरतात.

भिंतीवर पांढरा भुरा दिसला तर तो लोणाही, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षारही, असू शकतो. पाण्याचा थेंब टाका: क्षार विरघळतात, बुरशी नाही. काळे डाग पाहून २०२१चा ‘ब्लॅक फंगस’ आठवून घाबरू नका. तो म्युकरमायकोसिस, भिंतीवरच्या काळ्या बुरशीशी त्याचा संबंध नाही. तरी दमेकऱ्यांनी ती हलक्यात घेऊ नये, आणि पुसायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने. कोरडा झाडू मारला तर बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते.

दिवाळीच्या तोंडावर रंग देण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण भिंत आतून ओली असेल तर पुट्टी आणि रंग दोन्ही वाया जातात. प्लास्टिकचा एक चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूने आले तर ओल भिंतीतूनच येते आहे: रंगारी थांबवा, आधी बाहेरची भेग किंवा पाइप शोधा. थेंब वरच्या, खोलीकडच्या बाजूने असतील तर भिंत गार आणि खोलीतली हवा दमट. मग गवंड्याला बोलावून उपयोग नाही.