थ्रॉकमॉर्टन घराणे (ट्यूडर काळ)

थ्रॉकमॉर्टन घराणे : इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यातील एक जमीनदार घराणे. ट्यूडर राजवटीच्या काळात (१४८५–१६०३) या एकाच कुळात राजाला तोंडावर सुनावणारा संसदसदस्य, मठाधिपती, राणीचा राजदूत, फासावर गेलेला कटवाला, बिशपांची टर उडवणारा प्युरिटन (कट्टर सुधारणावादी प्रॉटेस्टंट) आणि दंड भरून भरून कर्जात बुडणारे कॅथलिक नातेवाईक असे सगळे होऊन गेले. घराण्याची ओळख सहसा ‘जुन्या धर्माला चिकटून राहिलेले कॅथलिक कुटुंब’ अशी करून दिली जाते. ती थोरल्या शाखेपुरती खरी आहे, पण पूर्ण घराण्याला लावली तर दिशाभूल करणारी आहे.

सरदारांच्या खाली आणि सामान्य शेतकऱ्यांच्या वर असलेल्या जमीनदारांच्या थराला इंग्लंडमध्ये ‘जेंट्री’ म्हणत. त्यात नाइट, एस्क्वायर आणि साधे जंटलमन अशा पायऱ्या होत्या. यांना सरदारांच्या सभागृहात जागा नसे, मात्र परगण्याचा कारभार यांच्याच हातून चाले. न्यायदंडाधिकारी, शेरीफ, कॉमन्स सभेतले प्रतिनिधी, लष्करी भरतीचे आणि करवसुलीचे आयुक्त हे सगळे याच घरांमधून नेमले जात. या कामांना पगार जवळजवळ नसेच. मान, वशिला आणि शेजाऱ्यांवर वचक हाच मोबदला. कूळचिन्ह खरे की उसने, याची तपासणी करत राजाचे भाट-अधिकारी १५३० पासून परगण्यापरगण्यांतून फिरू लागले आणि जेंट्रीच्या वंशावळी कागदावर आल्या. मालमत्ता थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी वकिली, दरबार, व्यापार किंवा एखादी श्रीमंत वारसदारीण यांपैकी काहीतरी शोधायचे. थ्रॉकमॉर्टनांच्या घरात पुढे जी फाटाफूट झाली, तिचे निम्मे कारण या वाटणीच्या रीतीत आहे.

घराण्याचे मूळ गाव वूस्टरशरमधले थ्रॉकमॉर्टन. १४०९ मध्ये जॉन थ्रॉकमॉर्टनने एलेनॉर स्पायनीशी लग्न केले आणि तिच्या वारशातून वॉरिकशरमधील कोटनची जहागीर घरात आली. ट्यूडर काळाच्या आरंभी घरचा कर्ता होता सर रॉबर्ट. त्याने कोटनचे चर्च नव्याने बांधायला घेतले, त्यात स्वतःसाठी संगमरवरी थडगे तयार करून ठेवले आणि १५१८ मध्ये मृत्युपत्र करून पवित्र भूमीच्या यात्रेला निघाला. वाटेतच, परदेशात तो वारला. थडगे रिकामेच राहिले.

त्याचा मुलगा सर जॉर्ज (मृत्यू १५५२) हा या इतिहासाचा मध्यबिंदू. त्याची बायको कॅथरिन व्हॉक्स ही हॅरोडनच्या पहिल्या लॉर्ड व्हॉक्सची मुलगी. तिच्या आईचे हे दुसरे लग्न. पहिल्या लग्नाचा मुलगा सर टॉमस पार, म्हणजे आठव्या हेन्रीची शेवटची राणी झालेल्या कॅथरिन पारचा बाप. थ्रॉकमॉर्टनांच्या मुलांसाठी ही राणी अशी सावत्र नात्याने मामेबहीण लागत होती. हे नाते पुढे फार उपयोगी पडले. जॉर्ज आणि कॅथरिन यांना एकोणीस मुले झाली.

१५२९ मध्ये भरलेल्या संसदेत जॉर्ज वॉरिकशरचा प्रतिनिधी होता. याच संसदेने पुढे रोमशी नाते तोडणारे कायदे केले. राणी कॅथरिन ऑफ अॅरागॉनला सोडून अॅन बोलिनशी लग्न करण्याच्या राजाच्या बेताला जॉर्जचा विरोध होता. लंडनमधल्या क्वीन्स हेड नावाच्या खानावळीत तो समविचारी सदस्यांबरोबर जेवायला बसे आणि तिथे संसदेच्या कामकाजाची चर्चा होई. पोपकडे दाद मागण्याची सोय बंद करणाऱ्या विधेयकाविरुद्ध तो बोलला, तेव्हा राजाने त्याला बोलावून घेतले. या भेटीचा वृत्तान्त १५३७ मध्ये कैदेत असताना त्याने स्वतःच लिहून दिला आहे. अॅनशी लग्न केल्यास राजाच्या सदसद्विवेकाला पुढे अधिकच टोचणी लागेल, कारण तिची आई आणि बहीण या दोघींशीही राजाचा संबंध होता असे लोक बोलतात, असे त्याने राजाला सांगितले. राजा उत्तरला, ‘आईशी कधीच नाही.’ शेजारी उभा असलेला राजाचा सल्लागार टॉमस क्रॉमवेल घाईने म्हणाला, बहिणीशीही नाही, तेव्हा ते मनातून काढून टाका. राजाच्या उत्तरात बहिणीचा उल्लेख नाही, हे आजवर प्रत्येक वाचकाच्या लक्षात आले आहे.

क्रॉमवेलने त्याला बजावले की घरी राहा, देवाची सेवा करा आणि फार लुडबुड करू नका. १५३३ मध्ये जॉर्जने तसे वागण्याचे लेखी कबूलही केले. पण जीभ आवरली नाही. राजाशी झालेले बोलणे त्याने सर टॉमस डिंग्लीसारख्या लोकांना सांगितले होते. त्यात त्याचा धाकटा भाऊ मायकेल हा राजद्रोही ठरवलेल्या कार्डिनल रेजिनल्ड पोलच्या सेवेत इटलीत जाऊन बसला. आपण तुमचेच हेर आहोत अशी समजूत करून देऊन मायकेलने क्रॉमवेललाच फसवले होते. १५३६ च्या उत्तरेकडील बंडाच्या वेळी जॉर्जला अटक झाली, १५३७ मध्ये पुन्हा झाली. डिंग्लीचे डोके पुढे उडवले गेले; जॉर्ज मात्र सुटला. बायकोने सावत्र भाऊ विल्यम पारकडे धावा केला होता, आणि जॉर्जने संपूर्ण शरणागतीचा कबुलीजबाब लिहून दिला होता. १५४० मध्ये क्रॉमवेलच मारला गेला. त्याच्या जप्त मालमत्तेतली कोटनशेजारची ओव्हर्स्लीची जहागीर पुढे जॉर्जने विकत घेतली. धर्मनिष्ठा आणि जमिनीची हाव या दोन गोष्टी त्याच्या ठायी सुखाने नांदत होत्या.

जॉर्जची आत्या एलिझाबेथ ही केंब्रिजशरमधील डेनी येथील क्लॅरिस्ट (संत क्लेअरच्या पंथाच्या) जोगिणींच्या मठाची प्रमुख होती. तिच्याविषयीची एक नोंद चकित करणारी आहे. बायबलचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल याला पैसा पुरवणाऱ्या हंफ्री मन्मथ या व्यापाऱ्याला १५२८ मध्ये पकडले, तेव्हा टिंडेलने भाषांतरित केलेल्या इरॅस्मसच्या एका पुस्तकाची प्रत डेनीच्या मठप्रमुखांनी मागून घेतल्याचे त्याने सांगितले. म्हणजे बाई जुन्या धर्माच्या असल्या तरी नवे वाचायला घाबरत नव्हत्या. मठ बंद झाल्यावर त्या काही सहचारिणींसह भाच्याच्या घरी, कोटनला आल्या आणि १५४७ मध्ये मरेपर्यंत तिथेच आपल्या पंथाच्या नियमाने राहिल्या. मठाच्या दारातून भिक्षा वाटण्याची लाकडी खिडकी त्यांच्या नावासह आजही कोटनच्या वाड्यात आहे.

जॉर्जच्या मुलांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. थोरला रॉबर्ट जहागीर आणि जुना धर्म घेऊन कोटनला राहिला. क्लेमंट आणि निकोलस राणी कॅथरिन पारच्या पदरी गेले आणि तिथल्या वातावरणात प्रॉटेस्टंट झाले. जॉन वकील झाला. कॅथलिक मेरी राणीच्या काळात (१५५३–५८) त्याची भरभराट झाली आणि तो चेस्टरचा न्यायाधीश बनला.

यांतला सर्वांत हुशार निकोलस (मृत्यू १५७१). मेरी राणीविरुद्धच्या वायटच्या बंडात सामील असल्याच्या आरोपावरून १७ एप्रिल १५५४ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्या काळी राजद्रोहाच्या आरोपीला वकील मिळत नसे आणि अशा खटल्याचा शेवट ठरलेला असे. निकोलस स्वतःच उभा राहिला. त्याने कायद्याचे पुस्तक आणून कलम वाचून दाखवण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली. मग त्याने कलमे तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मेरीच्याच पहिल्या संसदेने राजद्रोहाची व्याख्या आकुंचित केल्याची आठवण न्यायाधीशांना करून दिली. कृती नसताना नुसत्या बोलण्यावरून राजद्रोह कसा होतो, हा त्याचा सवाल होता. त्याचा एक साक्षीदार न्यायालयात हजर असूनही त्याला बोलू दिले नाही. आरोपी कायद्यात इतका मुरलेला आहे हे माहीत असते तर अधिक तयारीने आलो असतो, असे सरकारी बाजूच्या एका वकिलाला म्हणावे लागले. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. सरकारने मग ज्यूरीलाच तुरुंगात टाकले आणि त्यांच्यातल्या न नमणाऱ्यांना जबर दंड ठोठावला. निकोलसलाही लगेच सोडले नाही; १५५५ च्या जानेवारीपर्यंत तो टॉवर या लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगातच होता.

एलिझाबेथ गादीवर आल्यावर तो फ्रान्समध्ये तिचा राजदूत झाला आणि तिथल्या प्रॉटेस्टंटांना इंग्लंडने उघड मदत करावी म्हणून तिच्या मागे लागला. १५६७ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी लॉकलेव्हनच्या किल्ल्यात कैदेत असताना तिच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून त्याने रदबदली केली. लंडनच्या थ्रॉगमॉर्टन स्ट्रीटला त्याचे नाव आहे.

पुढच्या पिढीत दरी अधिक रुंदावली. न्यायाधीश जॉनचा मुलगा फ्रान्सिस याने परदेशातल्या कॅथलिक निर्वासितांशी संधान बांधले. फ्रान्समधील ड्यूक ऑफ गीझने सैन्य उतरवावे, स्पेनने पैसा द्यावा आणि एलिझाबेथच्या जागी स्कॉट्सच्या मेरीला बसवावे, असा बेत होता. मेरी आणि स्पेनचा राजदूत मेंडोझा यांच्यातला टपाली दुवा फ्रान्सिस होता. नोव्हेंबर १५८३ मध्ये राणीचा सचिव आणि हेरप्रमुख सर फ्रान्सिस वॉल्सिंगमच्या माणसांनी त्याला लंडनमधल्या घरी पकडले. हातपाय ताणणाऱ्या रॅक यंत्रावर त्याने तोंड उघडले. जानेवारी १५८४ मध्ये मेंडोझाची हकालपट्टी झाली आणि १० जुलैला फ्रान्सिसला टायबर्न या लंडनच्या वधस्थळी फाशी दिले. त्याआधीच, डिसेंबर १५८३ मध्ये, कोटनच्या रॉबर्टचा जावई एडवर्ड आर्डन एका वेगळ्या राजद्रोहाच्या खटल्यात मारला गेला होता. त्याच १५८४ सालात निकोलसची मुलगी बेस, म्हणजे फाशी गेलेल्या फ्रान्सिसची सख्खी चुलत बहीण, एलिझाबेथ राणीच्या खासगी महालात सेविका म्हणून दाखल झाली. राणी कुळावरून माणूस तोडत नसे, असे यावरून म्हणता येईल. लग्नावरून मात्र तोडत असे. १५९१ मध्ये बेसने राणीच्या मर्जीतल्या सर वॉल्टर रॅलेशी चोरून लग्न केले. तिचा भाऊ आर्थर याच्या रोजनिशीत त्याची आणि पुढच्या मार्चमध्ये झालेल्या बाळंतपणाची नोंद आहे. ऑगस्ट १५९२ मध्ये नवराबायको दोघेही टॉवरमध्ये पोहोचले. बेसला दरबारात पुन्हा जागा मिळाली नाही.

दुसऱ्या टोकाला क्लेमंटचा मुलगा जोब (१५४५–१६०१). एलिझाबेथची चर्चव्यवस्था त्याला पुरेशी प्रॉटेस्टंटच वाटत नव्हती. १५८८–८९ मध्ये ‘मार्टिन मारप्रेलेट’ या टोपणनावाने गुप्त छापखान्यांतून बिशपांची भंबेरी उडवणारी पत्रके निघाली. त्यांचा मुख्य लेखक जोबच असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

कोटनच्या थोरल्या शाखेवर तलवारीपेक्षा हिशेबाच्या वहीने अधिक घाव घातले. रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये न गेल्यास १५५९ च्या कायद्याने बारा पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंड झाला, तोही अठ्ठावीस दिवसांचा महिना धरून. १५८७ पासून दंड थकल्यास दोन-तृतीयांश जमीन जप्त करण्याची मुभा सरकारला मिळाली. त्यामुळे कैक कॅथलिक घरांत कर्ता पुरुष चर्चमध्ये तोंड दाखवून येई आणि बायको घरी राहून लपलेल्या पाद्र्याकडून प्रार्थना करवून घेई. विवाहितेच्या नावावर मालमत्ताच नसल्याने तिच्याकडून दंड वसूल करणे अवघड होते. जुना धर्म टिकवण्याचे श्रेय यामुळे घरच्या बायकांकडे मोठ्या प्रमाणात जाते. रॉबर्टचा मुलगा टॉमस (१५३३–१६१५) तडजोड न करता दंड भरत आणि अधूनमधून कैद भोगत राहिला. त्याची बहीण म्युरिएल हिचा नवरा सर टॉमस ट्रेशम याने साडेसात हजार पौंडांहून अधिक दंड भरला. १५९३ मध्ये सुटून आल्यावर त्याने रश्टनला तीन बाजूंची, तीन मजल्यांची, प्रत्येक बाजू तेहतीस फुटांची कोठी बांधायला घेतली. कॅथलिक श्रद्धा कागदावर लिहिणे धोक्याचे, म्हणून त्याने ती पवित्र त्रयीच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) खुणेने दगडात मांडली.

याच दबावाखाली अनेक तरुण देश सोडून गेले. त्यांतला एक, विल्टशरचा टॉमस स्टीफन्स, रोमला जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचा सदस्य) झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे मराठीचे फादर स्टीफन्स ते हेच.

कोटन कोर्टचा भव्य दरवाजा-मनोरा सर जॉर्जच्या काळातला. त्याच्या एका बुरुजात पाद्र्याला लपवण्याची दुहेरी जागा आहे: वरची खोली झडतीत सापडली तरी खालची ध्यानात येऊ नये अशी. १९व्या शतकात ती उघडली तेव्हा आत दोरीची शिडी, अंथरूण आणि घडीची चामडी वेदी मिळाली. वाड्यात १५९६ चे एक रंगवलेले कापडही आहे. त्यावर धर्मापायी तुरुंगात गेलेल्या कॅथलिक जमीनदारांची कूळचिन्हे ओळीने काढलेली आहेत.

ट्यूडर वंश १६०३ मध्ये संपला, पण त्या काळाचे शेवटचे बिल दोन वर्षांनी आले. संसद उडवून देण्याच्या १६०५ च्या कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी आणि त्यात सामील झालेला फ्रान्सिस ट्रेशम हे दोघेही कोटनच्या रॉबर्टचे, त्याच्या मुलींच्या पोटचे नातू. कोटनचा वाडा तेव्हा टॉमसने कटातल्याच सर एव्हरार्ड डिग्बीला भाड्याने दिला होता. कट फसल्याची बातमी ६ नोव्हेंबरला केट्सबीचा नोकर घेऊन आला, तेव्हा डिग्बीची बायको आणि जेझुइटांचा प्रमुख हेन्री गार्नेट वाड्यातच होते. टॉमस स्वतः तिथे नव्हता, त्यामुळे जहागीर वाचली. त्याच्या नातवाला १६४२ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.