पार्टिशनचे बिघाड: चार नोंदींचा तक्ता, ‘ॲक्टिव्ह’ची खूण आणि दोन उलटे शब्द

विंडोजची डिस्क मॅनेजमेंट उघडली की खालच्या पट्टीत साधारण असं दिसतं: आधी १०० एमबीचा बिनअक्षराचा तुकडा, मग सी ड्राइव्ह आणि त्यामागे ५००-६०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. नवी मोठी डिस्क टाकून जुनी तिच्यावर क्लोन केली असेल, तर त्याच्याही पुढे काळ्या पट्टीखालची ‘अनअलोकेटेड’ जागा. सी वाढवायला जावं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं पडलेलं. या पट्टीतला एकेक तुकडा, म्हणजे पार्टिशन, वेगवेगळ्या काळच्या निर्णयातून आलेला आहे, आणि घरच्या कॉम्प्युटरवरचे पार्टिशनचे बहुतेक बिघाड या निर्णयांच्या सांध्यांवर होतात.

पार्टिशनांचा मूळ तक्ता, म्हणजे एमबीआर, १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये आधी ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या बूट कोडसाठी, मग १६-१६ बाइटच्या चार नोंदी, आणि शेवटी हेक्समधली (सोळाच्या पायातली) ५५ व एए ही सही. नोंदीतला पहिला बाइट ‘ॲक्टिव्ह’ची खूण, म्हणजे ८० किंवा ००. पाचवा बाइट प्रकार सांगतो: ०७ म्हणजे एनटीएफएस, ०सी म्हणजे फॅट३२ (या दोन्ही विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धती), ८३ म्हणजे लिनक्स. शेवटच्या आठ बाइटांत सुरुवातीचा सेक्टर आणि एकूण सेक्टर. पार्टिशन डिलीट झालं की या १६ बाइटांत शून्यं भरली जातात आणि फाइली जागच्या जागी राहतात. १९८७ च्या डॉस ३.३ पासून चारपैकी एका नोंदीला ‘एक्स्टेंडेड’ करून तिच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह बसवता येऊ लागले, पण ते एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. ई ड्राइव्हच्या नोंदीत पुढच्या कडीचा पत्ता बिघडला, तर एफ आणि जी दोन्ही एकदम गायब होतात, ई मात्र नीट उघडतो. असं दिसलं की दोन ड्राइव्ह एकाच वेळी मेले असं समजू नये. तुटलेली असते ती एकच कडी.

हरवलेली पार्टिशनं शोधणारी टेस्टडिस्कसारखी साधनं चालतात ती फाइली अशा जागच्या जागी राहतात म्हणूनच. तक्ता बाजूला ठेवून ती सगळी डिस्क चाळतात आणि प्रत्येक पार्टिशनचा स्वतःचा पहिला, म्हणजे बूट सेक्टर शोधतात. तोही फुटलेला असेल तर त्याची प्रत असते: एनटीएफएसमध्ये पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये, फॅट३२ मध्ये सेक्टर ६ वर. क्रम असा: ॲनालाइज, क्विक सर्च, सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबून आतल्या फाइलींची नावं दिसतात का पाहणं, न दिसल्यास डीपर सर्च. राइट सगळ्यात शेवटी. नावं दिसण्याआधी राइट मारलं की चुकीचा तक्ता पक्का होतो. एसएसडीवर मात्र क्विक फॉरमॅटसुद्धा महागात पडतो. विंडोज ७ पासून फॉरमॅटबरोबर ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता लागत नाही असा, आदेश जातो, आणि ड्राइव्ह ती पानं आतल्या आत मोकळी करून टाकतो. तिथे शोधायला फारसं काही उरत नाही.

आता ‘ॲक्टिव्ह’कडे. सगळ्यात जास्त मशिनं याच एका खुणेने अडवली आहेत. पहिल्या सेक्टरमधला कोड चारही नोंदी पाहतो आणि जिच्यावर ८० आहे तिचा बूट सेक्टर उचलतो. दोन नोंदींवर ८० असेल, किंवा ८० आणि ०० सोडून तिसरंच काही लिहिलेलं असेल, तर ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’. सेक्टर वाचताच आला नाही तर ‘एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टम’. वाचला पण शेवटी ५५-एए नाही तर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम’. चौघींपैकी एकीवरही खूण नसेल तर कोड काही न बोलता बायोसकडे, म्हणजे मशीन चालू होताच धावणाऱ्या मूळ प्रोग्रामकडे, परत जातो आणि बायोस पुढचं साधन शोधू लागतो. पडद्यावरचं वाक्य नीट वाचलं तर अर्धं निदान तिथेच होतं. प्रत्यक्षात ते वाचलं जात नाही आणि थेट विंडोज पुन्हा टाकली जाते.

गोंधळात भर घातली ती दोन शब्दांनी. विंडोजच्या परिभाषेत ज्या पार्टिशनवर बूट करणाऱ्या फाइली असतात ते ‘सिस्टम’ पार्टिशन, आणि ज्यावर खुद्द विंडोज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम असते ते ‘बूट’ पार्टिशन. वाचताना चूक झालेली नाही, शब्द खरोखरच असे उलटे आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये १०० एमबीच्या तुकड्याखाली ‘सिस्टम, ॲक्टिव्ह, प्रायमरी’ असं लिहिलेलं असतं आणि सीखाली ‘बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प, प्रायमरी’. लिनक्समध्ये बूट नावाचं वेगळं पार्टिशन केलं तर त्यात कर्नल आणि बूटच्या फाइली असतात, म्हणजे बरोबर उलट. दोन्ही प्रणाली शेजारीशेजारी ठेवणाऱ्याची हमखास चूक होते ती इथे.

नावामागे तर्क आहे, पण तो घरच्या पीसीचा नाही. विंडोज एनटी सुरुवातीला मिप्स आणि अल्फा प्रोसेसरांवरही चालायची. त्या मशिनांचं फर्मवेअर (पीसीवरच्या बायोसचं काम करणारा प्रोग्राम) एक छोटं फॅट पार्टिशन स्वतः वाचायचं आणि त्याला ‘सिस्टम पार्टिशन’ म्हणायचं. सिस्टम म्हणजे तिथे मशीन. ती मशिनं गेली, शब्द उरला आणि ज्या पीसीवर त्याला काही आधार नव्हता तिथेही चिकटून राहिला. पुढे बायोसच्या जागी ईएफआय नावाचं फर्मवेअर आलं, त्याच्या ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’मध्ये तोच शब्द पुन्हा योग्य अर्थाने आला, पण तोवर लोकांच्या डोक्यात सिस्टम म्हणजे विंडोज हे पक्कं झालं होतं.

एक्सपीपर्यंत हे सगळं खपून गेलं, कारण दोन्ही भूमिका बहुधा सीकडेच असायच्या. विंडोज ७ ने कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करताना १०० एमबीचं ‘सिस्टम रिझर्व्हड’ आपोआप वेगळं काढायला सुरुवात केली, त्याला अक्षर न देता. कारण सांगण्यासारखं होतं: बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनने) सी कुलूपबंद केल्यावर मशीन सुरू करायला काहीतरी उघडं लागतं. व्हिस्टामध्ये त्यासाठी नंतर वेगळं साधन चालवून दीड जीबीचा तुकडा पाडावा लागे. ज्यांना बिटलॉकर कधीच वापरायचं नव्हतं त्यांच्याही डिस्कवर मात्र तो तुकडा आला, आणि चारपैकी एक नोंद खाऊन बसला. तयार लॅपटॉपवर निर्मात्याचं तपासणीचं एक, सिस्टम रिझर्व्हड दुसरं, सी तिसरं, रिकव्हरी चौथं. चारही नोंदी कारखान्यातच संपलेल्या.

घरी आल्यावर पहिलं काम असायचं सी लहान करून डी काढण्याचं. श्रिंक व्हायचं, नवं पार्टिशन करताना विंडोज विचारायची की डिस्क ‘डायनॅमिक’ (चार नोंदींच्या तक्त्याबाहेरची वेगळी मांडणी) करू का. खाली बारीक अक्षरांत इशारा असे की सध्याच्या बूट व्हॉल्यूमशिवाय दुसऱ्या कुठल्याही व्हॉल्यूमवरून ऑपरेटिंग सिस्टम सुरू करता येणार नाही. तो कोण वाचतो? ‘येस’ दाबलं की नोंदींचा प्रकार ४२ होतो आणि खरी माहिती डिस्कच्या शेवटच्या १ एमबीतल्या डेटाबेसमध्ये जाते. परत बेसिक करायचा अधिकृत मार्ग म्हणजे सगळे व्हॉल्यूम डिलीट करणं. ही सोय सर्व्हरवरून आली होती. घरच्या वापरकर्त्यापुढे एका क्लिकवर ती ठेवायला नको होती. तिथे पाचव्या नोंदीला सरळ नकार दिला असता तरी चाललं असतं.

दुसरी ठराविक चूक: सी म्हणजेच विंडोज, म्हणून सीवर राइट क्लिक करून ‘मार्क पार्टिशन ॲज ॲक्टिव्ह’. रीस्टार्ट केल्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’. बूटएमजीआर ही विंडोज सुरू करणारी फाइल हरवलेली नसते, ती १०० एमबीच्या तुकड्यात सुखरूप असते. कोड आता सीचा बूट सेक्टर उचलतो आणि तिथे ती नाही. उपाय पाच मिनिटांचा. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, डिस्कपार्ट या पार्टिशनच्या कमांडमध्ये डिस्क ० निवडायची, पार्टिशनांची यादी पाहून १०० एमबीचं निवडायचं आणि ‘ॲक्टिव्ह’ द्यायचं. तो तुकडाच उडवलेला असेल तर सी ॲक्टिव्ह करून बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फाइली सीवर नव्याने उतरवाव्या लागतात. पेनड्राइव्हवरून आल्यावर अक्षरं सरकतात, नेहमीचा सी कधी डी होऊन बसतो. म्हणून आधी विंडोज फोल्डर नेमका कुठे दिसतो ते डीआयआर कमांडने पाहावं. बूटरेक या दुरुस्तीच्या कमांडचं फिक्सएमबीआर फक्त सुरुवातीचा बूट कोड लिहितं, तक्त्याला हात लावत नाही, त्यामुळे हरवलेलं पार्टिशन त्याने येत नाही आणि चुकलेली ॲक्टिव्ह खूणही सुधारत नाही.

यातलंच तिसरं: दोन डिस्का जोडलेल्या असताना विंडोज नव्या एसएसडीवर टाकली, पण बूटच्या फाइली जुन्या हार्ड डिस्कवरच्या ॲक्टिव्ह पार्टिशनवर गेल्या. वर्षभराने जुनी डिस्क काढली की मशीन उठत नाही. विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवावी.

२०१० च्या सुमारास ३ टीबीच्या डिस्का आल्या आणि जुना तक्ता आकड्यांतही अपुरा पडला. सेक्टरांसाठी ३२ बिट, म्हणजे ५१२ च्या हिशेबाने २,१९९,०२३,२५५,५५२ बाइट. जुन्या ड्रायव्हरवर ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते, ती या मर्यादेपुढची उरलेली बाकी. काही यूएसबी डब्यांनी यावर तोड काढली: सेक्टर ४०९६ बाइटचे दाखवायचे, म्हणजे जुन्याच तक्त्यात १६ टीबी मावतात. अशा डब्यातली डिस्क काढून थेट मदरबोर्डला जोडली की ती ‘रॉ’ किंवा कोरी दिसते. तक्त्यात सुरुवात सेक्टर २५६ लिहिलेली असते. डब्यात तो आकडा १ एमबीवर पोचतो, थेट जोडल्यावर १२८ केबीवर. फॉरमॅट न मारता डिस्क पुन्हा त्याच डब्यात घालून आधी डेटा काढून घ्यायचा.

जीपीटीने, म्हणजे नव्या पद्धतीच्या तक्त्याने, चार नोंदींच्या १२८ केल्या, प्रत्येकी १२८ बाइट, वर सीआरसीची (माहिती बिघडली का हे ओळखणाऱ्या आकड्याची) पडताळणी आणि डिस्कच्या शेवटी पूर्ण दुसरी प्रत. सेक्टर ० वर ईई प्रकाराची एक बुजगावण्यासारखी नोंद ठेवली, म्हणजे जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये. मोठ्या डिस्कवर क्लोन केल्यावर शेवटची प्रत मधेच अडकते. जीडिस्क या साधनामध्ये ‘एक्स’, मग ‘ई’, मग ‘डब्ल्यू’ दिलं की ती टोकाला जाते. सुरुवातीची प्रत फुटली असेल तर ‘आर’ मध्ये जाऊन ‘बी’ आणि ‘सी’, आणि लिहिण्याआधी ‘व्ही’ने तपासणी. ॲक्टिव्हची खूण इथे उरली नाही. डिस्कपार्ट ती कमांड नाकारतो. मशीन सुरू होत नसेल तर फॅट३२ च्या ईएफआय पार्टिशनला तात्पुरतं एस अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूटला विंडोजचा फोल्डर, एस आणि यूईएफआय (ईएफआयचंच आजचं नाव) सांगायचं. बूटरेकचं फिक्सबूट अशा मशिनवर पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबतं, त्याच्या नादी लागू नये. २०१७ पासून विंडोज १० मध्ये जुना तक्ता जीपीटीत बदलणारं एमबीआरटूजीपीटी मिळतं, पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात आणि एक्स्टेंडेड अजिबात नाही. आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, आणि मग फर्मवेअरमध्ये लेगसी (जुनी बायोसची पद्धत) बदलून यूईएफआय. ही शेवटची पायरी विसरली की कन्व्हर्ट झालेली डिस्क सुरूच होत नाही.

आणि आता ते करडं ‘एक्स्टेंड’. डिस्क मॅनेजमेंट पार्टिशन फक्त उजवीकडच्या, अगदी लागून असलेल्या मोकळ्या जागेत वाढवतं. विंडोज १० च्या सुरुवातीच्या इन्स्टॉलेशनमध्ये रिकव्हरी सीच्या आधी असे. नंतर ती सीच्या मागे नेली गेली, म्हणजे गरज पडल्यास सीतून जागा काढून ती मोठी करता यावी. तशी गरज जानेवारी २०२४ मध्ये पडलीच. एक सुरक्षा अपडेट ०एक्स८००७०६४३ या एररने अडकू लागलं, कारण रिकव्हरीत २५० एमबी मोकळे नव्हते. ज्या तुकड्याला हात लावू नका असं वर्षानुवर्षं सांगितलं, तोच आता घरोघरी डिस्कपार्टने डिलीट करायला सांगण्यात आलं.

करडं एक्स्टेंड आणि अडकलेलं अपडेट, दोन्हींची दुरुस्ती एकच. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी की दुसरीकडे लिहून ठेवून ते सस्पेंड करावं. रीएजंटसी या रिकव्हरीच्या कमांडला इन्फो देऊन रिकव्हरी कुठल्या पार्टिशनवर आहे ते पाहावं, मग डिसेबल. यानंतर सिस्टम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये विनआरई नावाची डब्ल्यूआयएम फाइल आली का ते तपासावं. ती नसेल तर पुढे जाऊ नये, कारण पुढच्या पायरीत तिची एकमेव प्रत जाते. मग डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन निवडून डिलीट, सोबत ओव्हरराइड. एक्स्टेंड आता जागं होतं. सी वाढवताना शेवटी १००० एमबी सोडावेत. मोकळी जागा नसेल आणि केवळ अपडेटची अडचण असेल तर सी २५० एमबीने श्रिंक करावा. उरलेल्या जागेत नवं पार्टिशन करून एनटीएफएसचा क्विक फॉरमॅट आणि रिकव्हरीचा आयडी: जीपीटीवर डीई९४ ने सुरू होणारा लांबलचक, जुन्या तक्त्यावर नुसता २७. जीपीटीवर ॲट्रिब्यूटही द्यावं लागतं, नाहीतर तुकड्याला अक्षर मिळून तो एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह म्हणून उगवतो. शेवटी रीएजंटसी एनेबल आणि पुन्हा इन्फो. तिथे एनेबल्ड आणि नव्या पार्टिशनचा नंबर दिसला की रीस्टार्ट करून बिटलॉकर परत चालू करावं.