चळवळ-सहभागाचे शब्द (ग्रामीण विदर्भ)

लोकचळवळीत किंवा संघटित मोहिमेत सामील होण्यासंबंधी विदर्भाच्या खेड्यांत रूढ असलेले शब्द व वाक्प्रयोग. यांतील बहुतेकांचा आजचा अर्थ विसाव्या शतकात ठरला. शब्द मात्र लष्करी, सावकारी वा धार्मिक व्यवहारांतले, बरेच जुने आहेत. कोशांचे लक्ष नामांकडे राहिले. खेड्यातले बोलणे चालते ते क्रियापदांवर : मोर्चात जाणे, धरण्यावर बसणे, आंदोलनात उतरणे, बिल्ला लावणे. माणसाने नेमके काय केले हे त्यांतून कळते, म्हणून त्यांचे मोल अधिक.

मोर्चा : हा शब्द फार्सीतून आला. मूळ रूप बहुधा ‘मूर्चाल’, म्हणजे खंदक किंवा तोफा मांडण्याची जागा. फार्सीत ‘मूर्चा’ म्हणजे लहान मुंगी, तसेच लोखंडावरचा गंज. रूपसाम्यामुळे मोर्चाचा संबंध त्याच्याशी जोडण्याचा मोह होतो, पण अर्थाचा दुवा कच्चा राहतो. मोरपिसांच्या ‘मोर्चेला’शी तर त्याचा संबंध दिसत नाही. बखरींत ‘मोर्चे लावणे’ म्हणजे किल्ल्याभोवती माऱ्याच्या जागा बांधणे. ‘मोर्चेबांधणी’ हा शब्द तिथलाच. एका जागी रोवलेला मोर्चा चालता कधी झाला, हे काटेकोर सांगणे अवघड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा बदल झाला असावा. जुन्या अर्थाची एक खूण टिकून आहे : मोर्चा विधानभवना‘वर’ जातो, विधानभवना‘कडे’ नव्हे. १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले आणि हिवाळी अधिवेशनावर मोर्चा नेणे हे वैदर्भीय खेड्यांच्या ओळखीचे झाले. वऱ्हाडी बोलीत माणूस ‘मोर्च्याले’ जातो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. ‘शहीद गोवारी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा.

धरणे : मूळ अर्थ सावकारी. येणे वसूल करण्यासाठी धनको ऋणकोच्या दारात अन्नपाण्यावाचून बसे. कर्जबुडव्याच्या जागी तहसील कचेरी आली, बसणे तसेच राहिले. ‘धरना’ हे हिंदी रूपही येथे ऐकू येते. १९५६ पर्यंत विदर्भ हिंदी भाषकांबरोबर एका प्रांतात होता, हे त्याचे एक कारण मानता येईल. ‘आंदोलन’ (मुळात झोका, हेलकावा) हा शब्द चळवळ या अर्थी हिंदीतून मराठीत आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘चळवळ’ मात्र मराठीच; दासबोधाच्या विसाव्या दशकात ती उद्योग, हालचाल या अर्थाने येते.

सत्याग्रह : येथे समुद्र नाही. म्हणून १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करण्यात आले. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यामुळे ते शक्य झाले. त्याच वर्षी जुलैत पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. सामील होणे म्हणजे विळा घेऊन जाणे. यात शेतकऱ्याला नवे काही शिकावे लागले नाही, आणि चळवळीचे बळ त्यातच होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. पुढे ‘जेलात जाणे’ ही सहभागाची सर्वांत मानाची पायरी ठरली.

दीक्षा : ही सामील होण्याहून वेगळी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातील धम्मदीक्षेसंदर्भात ‘घेणे’ हेच क्रियापद येते. घेतलेली दीक्षा आयुष्यभराची.

बिल्ला : १९८० नंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या कापूसपट्ट्यातील प्रसाराबरोबर रूढ. छातीवर लाल बिल्ला लावला की माणूस ‘संघटनेत’ आला.

श्रमदान : संत गाडगेबाबांचा झाडू आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची गावसफाई ही याची जुनी परंपरा. २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या गावोगावच्या स्पर्धेत वरूड तालुक्यात शब्द नव्याने गाजला.

मेंढा (लेखा) या गडचिरोली जिल्ह्यातील गावात ‘अभ्यास गट’ हा सहभागाचा रूढ प्रकार आहे. आधी गट प्रश्न समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय करते.