पुस्तकातलं 'खाणं' आणि ताटातलं 'खाणं'

'तो नव्हे' हे हाँगकाँगमधलं मूल घरी 'खोय म् हय' असं म्हणतं. शाळेच्या पुस्तकात मात्र तेच 'था पत् सी' असं वाचायला शिकतं. तीन शब्द, तिन्ही वेगळे. दोन्ही वाक्यांचा उच्चार हाँगकाँगच्या बोलभाषेतला, म्हणजे कॅन्टोनीजच, पण दुसरं वाक्य जेवणाच्या टेबलावर कुणी उच्चारलं तर घरचे हसतील.

1919 च्या सुमारास चीनमध्ये अभिजात भाषा सोडून बोलीत लिहायची चळवळ जोरात होती. ती 'बोली' होती उत्तरेकडची. दक्षिणेतल्या कॅन्टोनीज भाषकांना जुन्या ग्रांथिक भाषेच्या जागी नवी ग्रांथिक भाषा मिळाली, एवढंच! एकाच समाजात भाषेचे असे दोन थर नांदतात, त्याला 'डायग्लोसिया' म्हणतात. 1959 साली चार्ल्स फर्ग्युसन यांच्या लेखामुळे हा शब्द रूढ झाला.

कधीकधी अक्षर तेच, पण उच्चार दोन. 'जीव' या अर्थाचं एक अक्षर 'क्रांती' या भारदस्त शब्दात 'मिंग' होतं: 'काक मिंग'. बुडणारा माणूस मात्र 'कौ मेंग!' असं ओरडतो, म्हणजे 'जीव वाचवा!' आपल्याकडे 'कर्म' आणि 'काम' मूळचे एकच, तसलाच हा मामला. बोलीतला उच्चार घरात झिजत आला, ग्रांथिक उच्चार प्रतिष्ठितांच्या भाषेतून पुन्हा आत आला.

बातम्या, न्यायालय, समारंभातलं भाषण इथं पुस्तकी शब्द वाढतात आणि वाक्याच्या शेवटचे 'ला', 'वो', 'लो' हे लाडके प्रत्यय गळतात. प्रेमगीतंही बहुतेक ग्रांथिक भाषेतच लिहिली जातात. प्रेयसीशी बोलायचं एका भाषेत आणि गायचं दुसरीत, हे मला भारी वाटतं.

पण पुस्तकी म्हणजे जुनं, हा हिशेब इथं चुकतो. 'खाणं' पुस्तकात 'हेक', बोलण्यात 'सिक्'. 'पिणं' पुस्तकात 'होत', बोलण्यात 'यम्'. यातले प्राचीन आहेत 'सिक्' आणि 'यम्'. कन्फ्यूशियस जेवताना बोलत नसे असं त्याच्या वचनसंग्रहात म्हटलंय, तिथं हेच 'सिक्'चं अक्षर आहे. उत्तरेत नंतर नवे शब्द आले आणि तेच लेखनात 'प्रमाण' ठरले. बीजिंगमध्ये 'सिक्'चा भाऊ 'श' आता एकटा फारसा दिसत नाही. 'शथांग', म्हणजे खानावळ, अशा जोडशब्दांत तेवढा उरलाय. हाँगकाँगचा भाजीवाला मात्र दुपारी 'सिक् फान', म्हणजे भात खायला, म्हणूनच उठतो.