क्लच सुरक्षा स्विच : विद्युत दोषनिदान

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत क्लच पेडलच्या वरच्या टोकाशी, डॅशबोर्डखाली बसवलेला हा लहानसा स्विच पेडल पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) लागू देत नाही. गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली गेली तरी ती झटक्याने पुढेमागे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. जुन्या पद्धतीच्या जोडणीत चावीकडून निघालेला प्रवाह या स्विचमधून स्टार्टर रिलेच्या, म्हणजे सेल्फला प्रवाह जोडून देणाऱ्या विद्युतचलित स्विचच्या, कॉइलपर्यंत जातो. अनेक नव्या गाड्यांत मात्र स्विच इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला केवळ संकेत देतो आणि रिले संगणक चालवतो. निदानाची रीत या फरकावर ठरत असल्याने वायरिंगचा आराखडा आधी पाहावा.

दोषाची खूण ठळक असते. चावी फिरवल्यावर दिवे नेहमीसारखे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही आणि 'टक्' असा आवाजही येत नाही. दिवे मंदावून टकटक ऐकू येत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

कोकण किनाऱ्यावर हा दोष जोपासणारी परिस्थिती आयतीच असते. हवेतून आलेले मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे कपलरमधील (स्विचला वायरी जोडणाऱ्या प्लगमधील) तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो. चाकरमान्यांची गाडी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत पडवीलगत उभी राहिली, की हा थर निवांत वाढतो आणि वायरींना उंदीर लागतात. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगी पाण्याखाली गेलेल्या गाडीत तर गाळ थेट कपलरात शिरतो.

मल्टिमीटर (व्होल्ट व रोध मोजणारे मीटर) हाती घेण्यापूर्वी पेडलपाशी टॉर्च लावून पाहावे. पेडलच्या पट्टीवर स्विचचा दांडा दाबणारी रबराची किंवा प्लास्टिकची टिकली काही गाड्यांत जुनी होऊन भुगा होते, आणि तिचे तुकडे पायपुसण्यावर सापडतात. अशा वेळी स्विच निर्दोष असतो, त्याला दाबणारेच काही उरलेले नसते. जाड पायपुसणे पेडलखाली अडकल्यानेही तेच घडते.

विद्युत तपासणीत गिअर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढावा. दोन वायरींच्या साध्या स्विचचा कपलर काढून रोध मोजला, तर पेडल सोडलेले असताना मार्ग तुटलेला आणि दाबल्यावर रोध जवळजवळ शून्य ओहम दिसला पाहिजे. मात्र एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण पुष्कळदा गंज स्विचच्या पोटात नसून कपलरच्या पिनांवर असतो. शिवाय मीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्याने कपलर सुटा ठेवून व्होल्ट पाहिले, की गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि शोधणारा फसतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोके लावावीत, पेडल दाबून मदतनीसाला चावी सेल्फवर धरायला सांगावे आणि दोन्ही वायरींमधील फरक पाहावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास दोष तिथेच आहे. येणाऱ्या वायरीतच व्होल्ट नसतील तर फ्यूज व चावीचा स्विच, आणि बाहेर पडणाऱ्या वायरीत पूर्ण व्होल्ट असूनही सेल्फ लागत नसेल तर रिले व त्यापुढील वायरिंग तपासावे. संगणकाला संकेत देणाऱ्या रचनेत पेडलची स्थिती स्कॅनरवर (संगणकातील माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) बदलते का, ते पाहणे अधिक सुरक्षित.

गॅरेजात दोन वायरी एकमेकींना जोडून स्विच 'डायरेक्ट' करतात. साध्या जोडणीत क्षणभराची चाचणी म्हणून हे चालते. कायम तसे ठेवणे धोक्याचे आहे, विशेषतः कोकणात, जिथे उतारावरच्या अंगणात गाडी गिअरमध्ये टाकूनच उभी करण्याची सवय आहे. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, सुकवून, कपलरसाठीचे विद्युतरोधक ग्रीस लावावे. पिना खड्डे पडून झिजल्या असतील तर कपलरही बदलावा. दुरुस्तीनंतर न्यूट्रलमध्ये, पेडल न दाबता चावी फिरवून सेल्फ लागत नाही याची खात्री करून घ्यावी.