लॉमोंटाइट

झिओलाइट (स्फटिकात पाणी धरून ठेवणारी सिलिकेटे) गटातील खनिज. कॅल्शियम व ॲल्युमिनियमाचे जलयुक्त सिलिकेट. स्फटिक एकनताक्ष (तीनपैकी एक अक्ष कललेला), लांबट, टोकाला तिरके. पाटन (ठराविक सपाट प्रतलांनी फुटण्याचा गुण) तीन दिशांना उत्कृष्ट. कठिनता ३.५–४. विशिष्ट गुरुत्व २.२५–२.३५. रंग पांढरा किंवा गुलाबीसर, चमक काचेसारखी. १७८५ मध्ये फ्रान्समधील ब्रिटनीतील शिशाच्या खाणीतून ते गोळा करणारे झिले द लॉमों यांचे नाव त्याला मिळाले.

पश्चिम भारतातील बेसाल्टचे झिओलाइटांनुसार तीन पट्टे मानतात : लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलंडाइट. मुंबई-ठाण्याचा किनारी भाग पहिल्यात येतो. लाव्हा थिजल्यावर उरलेल्या पोकळ्यांतून आणि भेगांतून गरम पाणी फिरले, त्यात हे खनिज जमले. ठाण्याजवळच्या पारसिक डोंगररांगेत दगडखाणींनी कापलेल्या कड्यांवर असे थर उघडे पडले आहेत.

ओळखायला सोपे, टिकवायला महाकठीण. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांखाली गेली की स्फटिकातले काही पाणी निघून जाते. मग पारदर्शक स्फटिक खडूसारखा पांढरा होतो आणि पाटनाच्या दिशांनी भुगा होऊन गळतो. शेजारचे स्टिल्बाइट हे दुसरे झिओलाइट तसेच राहते; त्याच्या जुड्या मधे आवळलेल्या पेंढीसारख्या असतात आणि पाटनावर मोत्याची झाक दिसते. ठाण्याच्या पावसाळ्यात नमुना सुखरूप राहतो. हिवाळ्यातली कोरडी दुपार किंवा एसीची खोली त्याला मारते. म्हणून नमुना खाणीतून ओलाच आणावा, ब्रशने पाण्यात धुवावा आणि न सुकवता पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवावा. गोंद दाट झाला तर प्लॅस्टिकसारखी चकाकी येते. वरचे कॅल्साइट काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये; लॉमोंटाइटचाच चिकट गोळा होतो. मालाड-कांदिवलीच्या खाणींत प्रेहनाइट या दुसऱ्या खनिजाने त्याच्यावर कवच धरले, आतले लॉमोंटाइट विरघळून गेले आणि पोकळ ‘बोटे’ उरली. संग्राहक मोल देतात ते या कवचाला, हा विनोदच.

बांधकामात मात्र ते त्रासदायक. पाणी घेताना आणि सोडताना आकारमान बदलते, त्यामुळे खडी फुटते व काँक्रीटचे टवके उडतात. शंका असल्यास भारतीय मानक २३८६, भाग ५ ची खडीच्या टिकाऊपणाची चाचणी करतात : खडी सोडियम सल्फेटच्या द्रावणात १६ ते १८ तास बुडवून १०५–११० अंश सेल्सियसला सुकवायची, साधारणपणे अशी ५ आवर्तने. मोठ्या खडीच्या वजनातील घट १२ टक्क्यांवर जाता कामा नये. क्रशरमध्ये मिसळलेली खडी नंतर निवडता येत नाही. पांढऱ्या शिरांचा थर खाणीतच बाजूला काढावा लागतो.