मेंदूतील सूक्ष्मवाहिनी विकार

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या खराब झाल्याने होणारा विकार. उतारवयातील वैचारिक मंदपणाचे हे एक मोठे आणि बऱ्याच अंशी टाळता येणारे कारण आहे.

या धमन्या तळाच्या मोठ्या धमन्यांतून थेट फुटतात. त्यामुळे चढलेला रक्तदाब फारसा न ओसरता त्यांच्या भिंतींवर पडतो. वर्षानुवर्षे असे झाले की भिंत जाड व ताठ होते, पोकळी अरुंद होते. शेजारच्या धमन्यांशी जोड जवळपास नसल्याने, एक बंद पडली की तेवढा भाग उपाशी राहतो.

एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यातील (मेंदूच्या आतल्या, चेतातंतूंच्या भागातील) पांढरे डाग, ३ ते १५ मिलिमीटरच्या पोकळ्या आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसतात. डागांची श्रेणी ० ते ३ अशी लावतात. साठीनंतर श्रेणी १ सर्रास आढळते, तिने घाबरू नये. श्रेणी ३ मात्र गंभीर. केवळ डाग दिसले म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अल्झायमरमध्ये बहुधा आधी ताज्या आठवणी जातात. इथे आधी वेग जातो. बँकेचा फॉर्म भरायला वेळ लागतो, दोन कामे एकदम जमत नाहीत, पावले आखूड पडतात, पुढाकार आटतो. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. दोन्ही विकार एकत्र असणेही नेहमीचे.

मुख्य उपाय रक्तदाबाचा. स्मरणशक्तीच्या टॉनिकांवरचा खर्च वायाच. अमेरिकेतील स्प्रिंट चाचणीत (निष्कर्ष २०१९) वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवू पाहणाऱ्या गटात सौम्य बोधात्मक ऱ्हास (स्मृतिभ्रंशाइतका नसलेला, आठवण-विचारातला उतार) १९ टक्के कमी आढळला. स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्णायक ठरली नाही. या चाचणीत मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण नव्हते.

मोजण्यातच चुका फार होतात. पुण्यात पर्वती किंवा तळजई टेकडीवरून उतरल्या उतरल्या, वर अमृततुल्य चहा घेऊन मोजलेला दाब ग्राह्य नाही. चहा, तंबाखू, व्यायाम यांनंतर अर्धा तास थांबावे. पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीला बांधावा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत राहिली तर दाब वाढलेला समजतात. आकडा सुधारला म्हणून गोळी बंद करणे ही नेहमीची चूक. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवे. लोणचे, पापड, फरसाण त्यातच धरायचे.

वृद्धांचा दाब उभे राहिल्यावरही मोजावा. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर डोस वाढवण्याआधी ते डॉक्टरांना सांगावे.